देवासमोर दिलेली सायकल

आमच्या घरात फोन लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला हे दर मे महिन्यात नव्याने सांगावं लागतं, आणि तरी प्रत्येकजण फोन हातात धरून खळ्यात, विहिरीपाशी, माडाखाली फिरून स्वतःची खात्री करून घेतो. वाडी घळीत आहे, त्याला कोण काय करणार. वर कातळाचा उघडा, सपाट सडा आहे, तिथल्या वडाखाली गेलं की सगळ्या दांड्या येतात. घरापासून साडेतीन किलोमीटर. चढाला सायकल ढकलत न्यायची, सपाटी लागली की टांग मारायची, पंचवीस मिनिटांत वडाखाली. चालत गेलं तर पाऊण तासाच्या वर.

सायकल माझ्या मुलीची. आठवीत असताना तिला शाळेतून मिळालेली. ती गेल्या वर्षी नर्सिंगला कोल्हापूरला गेली आणि सायकल पडवीत उभी राहिली, ती मी बाहेर काढली. स्कूटर घरात आहे, पण ती नवऱ्याची. सकाळी आंब्याच्या बागेत जाते ती दिवेलागणीनंतरच परत येते. मी लहानपणी माहेरी भावाच्या सायकलवर शिकले होते. सत्तेचाळीसाव्या वर्षी परत शिकले. दोनदा आपटले, एकदा तर करवंदीच्या जाळीत गेले. कोणाला सांगितलं नाही.

हे सगळं कशासाठी, तर संध्याकाळच्या अर्ध्या तासासाठी. मुलीच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलींना फोन साडेसहा ते सातच मिळतो. बाकी वेळ मॅडमच्या कपाटात. रोज साडेसहाला मी वडाखाली बसलेली असायची आणि ती तिथून रडत असायची. पुस्तकं सगळी इंग्रजीत, वॉर्डात उभं राहून पाय सुजलेले, आणि तिच्या हातून पाणी प्यायलेली एक आजी दुसऱ्या दिवशी खाटेवर नव्हती. "आई, माका हयसर रवाचा नाय. माका जमाचा नाय." मी रोज एकच सांगायची, "आजचा दिस ऱ्हव. उद्या परत बोलूया." एवढ्याच जोरावर ती नऊ महिने राहिली होती. शिकवणं मला येत नाही, इंग्रजी येत नाही, पण उद्या परत बोलूया एवढं मला म्हणता येत होतं आणि मी ते पाळत होते.

मे महिना उजाडला आणि थोरले दीर कुटुंबासकट आले. मागोमाग दोन नणंदा. घरात चौदा माणसं. चौदा माणसांचा चहा, चौदा जणांचे घावणे, चौदा जणांचं आंघोळीचं पाणी, आणि वर "वहिनी, तुमच्याकडे किती शांत वाटतं हो." शांत वाटणारच. चुलीसमोर तुम्ही बसत नाही. तरी मी संध्याकाळी सहाला हात धुऊन सायकल काढायचीच. भात शिजवून ठेवायची, कढीला परत आल्यावर फोडणी देईन म्हणायची आणि निघायची.

त्यात एक भानगड झाली होती, ती मला जावेकडून स्वयंपाकघरात कळली. एप्रिलमध्ये तोंडवलीकडे निघालेल्या कुठल्याशा पर्यटकाने सड्यावर गाडी थांबवून माझा व्हिडिओ काढला होता. मी, अंगावर घरचं पातळ, केस विस्कटलेले, सायकल ढकलतेय. मागे बासरी लावली आणि खाली लिहिलं, कोकणातली साधी माणसं, कष्टाचं पण समाधानाचं जीवन. समाधान माझ्या तोंडावर कुठे दिसलं त्या मेल्याला, तोच जाणे. मला विचारलं नाही, हाक मारली नाही. तो व्हिडिओ फिरत फिरत दिरांच्या ऑफिसात गेला. कोणीतरी विचारलं, "ही तुमच्याच गावची वाटते?" दीर घरी येऊन म्हणाले म्हणे, "लोकांना वाटेल आम्ही भावाच्या बायकोला एक स्कूटर घेऊन देऊ शकत नाही." जाऊ हे हसत हसत सांगत होती. स्कूटर घेऊन दिली असती तर मीही हसले असते.

आमच्याकडे मुंबईहून चाकरमानी आले की देवळात जाऊन नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा माणूस देवासमोर उभा राहतो, घरच्या वतीने एकेक मागणं मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला मागे उभं असलेलं सगळं घर म्हणतं, "व्हय म्हाराजा." एकदा का व्हय म्हटलं की ते देवाच्या कानावर गेलं. त्यातून मागे फिरत नाहीत. आमचं गाऱ्हाणं सासरे घालतात. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण आवाज अजून खणखणीत आहे. कोणाला काय हवंय ते आधी त्यांच्या कानात सांगायचं, ते ओळीने बोलतात.

त्या सकाळी सगळे देवळात. दीर फोन उंच धरून व्हिडिओ काढत होते. सासरे सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां-बाळां तुज्या पायाकडे नारळ घेवन उभी आसत, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नातवाची नोकरी झाली, नणंदेचा गुडघा झाला, बागेतल्या आंब्याला दर झाला. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. माझं तोंड म्हणत होतं आणि डोकं घरी होतं. बांगडे साफ करायचे राहिलेत, नारळ खवायचाय, चौदा माणसांना तांदूळ किती घालू, कालचे उरले होते. खोटं कशाला सांगू, देवळात उभी राहून मी तांदूळ मोजत होते.

"घरात जुनी सायकल पडान आसा, ती खालच्या वाडयेतल्या गरिबाच्या चेडवाक दिली, तां दान गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

म्हणून झाल्यावर मला कळलं, माझीच सायकल कुणा मुलीला देऊन टाकली होती. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोवर सासरे पुढच्या मागण्यावर गेले होते.

देवळाच्या पायऱ्यांवरच मी दिरांना गाठलं. "भावोजी, ती सायकल पडान नाय. मी रोज चालवतंय. चेडवाक फोन करूक जातंय." ते हसले. "अगो, पन्नाशीला आलीस. पडलीस-बिडलीस तर निस्तरणार कोण? मी घरात वाय-फाय लावून देतो, दहा दिवसांत माणूस येईल. बसल्या जागी बोल लेकीशी." मी म्हटलं, मग दहा दिवसांनी द्या सायकल. तेव्हा त्यांनी फोन पुढे केला आणि मला माझाच आवाज ऐकवला. व्हय म्हाराजा. "देवासमोर तूच म्हणालीस ना? आता मी काय करू?"

सासऱ्यांना विचारलं. ते बिचारे गोंधळले. "माका तेना कानात सांगल्यान. तूय व्हय म्हटलंस, माका वाटला तुकाच ती देवची आसा." नवऱ्याला बागेत निरोप धाडला, तो घरी आल्यावर म्हणाला, "जांव दे गो. देवासमोर झाला ता झाला." जांव दे. या माणसाने आयुष्यभर जे जे जाऊ दिलं ते सगळं माझं होतं. त्याची स्कूटर कोणी दान केली असती तर बघितलं असतं मी, कसं जाऊ देतो ते.

दुपारी दीर सायकल गाडीच्या टपावर बांधून खालच्या वाडीत देऊन आले. फोटो काढले, सड्यावर जाऊन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि वर हात जोडून फोटो काढायचा, ही कला मुंबईत शिकवतात की काय देव जाणे.

त्या संध्याकाळी मी चालत गेले. निघायलाच उशीर झाला होता, पोचेपर्यंत सातला दहा कमी. छातीचा भाता झालेला. मुलगी म्हणाली, "आई, तू इतकी धापतंस कित्याक?" मी तिला सायकलीचं सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर. तिने त्या दिवशी रडणं सोडलं होतं, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. अगदी शांतपणे म्हणाली, मॅडमकडे अर्ज करून घरी येते. मी म्हटलं, "उद्या परत बोलूया. तोवर कायएक करू नको. माका कबूल कर." तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दीर म्हणाले, चालत कशाला जातेस, मी गाडीतून सोडतो. मीच मूर्ख, थांबले. दुपारी सगळे कुणकेश्वरला दर्शनाला आणि समुद्रावर गेले, पाचला येतो म्हणाले. मी सहा वाजता लुगडं बदलून पडवीत बसले. सव्वासहा. साडेसहा. आता चालत निघून उपयोग नव्हता. साडेसातला गाडी आली. पोरांच्या अंगावर वाळू, हातात भेळेच्या पुड्या. "अगो, सूर्यास्त इतका सुंदर होता, पाय निघेना. उद्या नक्की." मी काही बोलले नाही. बोलले असते तर चौदा माणसं उपाशी झोपली असती, आणि आता वाटतं, झोपायला हवी होती.

रात्रभर एकच डोक्यात. तिने साडेसहाला फोन लावला असेल, मी लागले नसेन. नऊ महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

सकाळी चहा टाकला नाही. जाऊ डोळे चोळत आली, म्हणाली, "अगो, चहा?" मी म्हटलं, "पातेला थंयसर आसा," आणि चपला घालून खालच्या वाडीत गेले. दान दिलेली वस्तू परत मागायला आमच्या घरातलं कोणी आजवर गेलं नसेल. तीही देवासमोर दिलेली. वाटेत दोघींनी विचारलं, सकाळी सकाळी खंय? मी खरं ते सांगितलं. लाजायचं असेल तर ते ज्याने दिली त्याने लाजावं.

सायकल त्यांच्या मांगराला, गवत ठेवायच्या खोपटाला, टेकून ठेवलेली होती, साखळी पडलेली. ज्या मुलीला सायकल दिली तिची आई गोठ्यातनं आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "घेवन जा बाय. आमी खंय मागितलेली? तुजे भावोजी मोटार घेवन इले, फोटो काढल्यानी, गेले. आमच्या चेडवाक शाळेतसून कधीच गावली हा." आणि पडवीत बोट दाखवलं. तिथे तशीच दुसरी सायकल, माझ्या सायकलीपेक्षा नवी.

साखळी बसवली. हात काळे झाले. ती बाई जरा घुटमळली, मग म्हणाली, "पण देवाक काय सांगतलंस गो?"

"खरा काय तां सांगतलंय," मी म्हटलं, आणि निघाले.

सड्यावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. फोनवर धडाधड निरोप येऊ लागले. ग्रुपवर दिरांनी टाकलेला दानाचा फोटो, खाली टाळ्या, हात जोडलेले, अंगठे. त्यांच्या मधोमध काल संध्याकाळी पावणेसातला माझ्या मुलीने लिहिलेलं होतं. ती आईची सायकल आहे. ती घेऊन आई माझ्याशी बोलायला सड्यावर जाते. देऊ नका. त्यावर कोणाचं काही नाही. लगेच खाली नणंदेच्या नवऱ्याने आंब्याची पेटी केवढ्याला विचारली होती. जो तो तिच्या वाक्यावरून बोट फिरवून पुढे गेला होता. ग्रुपमधले सहाजण माझ्याच घरात जेवत होते, एकाने येऊन मला सांगितलं नाही.

सकाळचे साडेनऊ. या वेळेला फोन मॅडमच्या कपाटात असतो. तरी लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. मागे एसटीचा आवाज होता.

"आई, मी गाडयेत बसलंय. गगनबावडा इलो. दुपारपर्यंत येतंय घराक."

"उतर थंयच."

"आता काय उतरू? काल रातीच अर्ज दिलंय. मॅडमनी विचारल्यानी, नक्की जातंस? मी होय म्हटलंय. सही पण झाली."

गगनबावड्याच्या पुढे घाट. घाट उतरून कोकणात आली की आमच्या घरात तिला परत वर चढवणारं कोणी नव्हतं. जांव दे म्हणणारे होते, वाय-फाय लावून देतो म्हणणारे होते. माझा आवाज चढला. वडाखाली एक गुरांमागचा माणूस बसला होता, तो वळून बघायला लागला. बघू दे.

"मी देवासमोर व्हय म्हटला, सगळ्या घरासमोर. तां आज सकाळी परत घेवन इलंय. सायकल माज्या हातात आसा. तुजी मॅडम देवापेक्षा मोठी लागान गेली काय?"

  तिचा फोन तोंडापासून दूर गेला, आणि गाडीच्या घरघरीत तिचा आवाज आला, कोल्हापुरात नऊ महिन्यांत शिकलेल्या शुद्ध मराठीत.

"ओ कंडक्टर, थांबवा जरा. मला इथेच उतरायचंय."