सुटला की सोडला

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी सव्वातीन वाजता डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. श्वास देणारं मशीन बंद झालं. साडेपाचला माझे पती गेले.

ज्या हॉस्पिटलात ह्यांनी सत्तावीस वर्षं लोकांना भूल दिली, तिथेच, ओळखीच्या नर्सांमध्ये. कोणी मला घाई केली नाही, कोणी एक शब्द जास्त बोललं नाही. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण सही माझी होती.

संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, सुटला हो दादा," एवढंच म्हणून ती रडायला लागली. त्या आठवड्यात किती जणांनी तोच शब्द वापरला. सुटले बिचारे. आपल्याकडे असंच म्हणतात, आणि मायेनेच म्हणतात. मी "हो" म्हणायचे. फोन ठेवल्यावर मात्र मनात यायचं, सुटले कुठे? मी सोडलं. हे बरे झाले नसते हे मला कळत होतं, तरी दोन शब्दांमधलं ते अंतर मला ओलांडता येत नव्हतं.

'सुटला' हा शब्द आमच्या घरात त्याआधीही नेहमीचाच होता, पण माशांसाठी. इंग्लंडात बेसिंगस्टोकला घर घेतल्यावर ह्यांना ट्राउट पकडण्याचा नाद लागला. अठरा वर्षं दर शनिवारी, घरापासून अर्ध्या तासावरच्या एका लहान नदीवर, ठरलेल्या एकाच वळणावर. वरण-भातावर वाढलेला माणूस, आयुष्यात मासा तोंडात घातला नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून घ्यायचे आणि बारक्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून माश्या बनवत बसायचे. माशीला मासा फसतो, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ती कोटी वाटली होती.

पहिल्याच शनिवारी मी विचारलं, "अहो, खायचा नाही तर पकडायचा कशाला?"

"पकडून परत सोडायचा."

"म्हणजे आधी तोंडात गळ घालायचा आणि मग सॉरी म्हणायचं. त्यापेक्षा खाणारे बरे."

पुढच्या शनिवारी दारात मी विचारलं, "मिळाला का?" बुटांच्या नाड्या सोडता सोडता हे म्हणाले, "सुटला." त्यानंतर अठरा वर्षं तेच. मिळाला का? सुटला. मला पुढे पुढे दया यायची. घरी आलेल्या मैत्रिणींना मी सांगायचे, "आमच्या डॉक्टरांच्या हातात मासे अगदी सुरक्षित असतात." हेही सगळ्यांबरोबर हसायचे.

मार्चमध्ये ह्यांच्या ईमेलवर मासे पकडायला शिकवणाऱ्या एका गाइडचं पत्र आलं. मे महिन्यातल्या दिवसाची आठवण करून देणारं. आजार कळायच्या आधी ह्यांनी तो दिवस ठरवून ठेवला होता, निवृत्तीनंतर स्वतःला भेट म्हणून. नदी आमच्या हॅम्पशायरमधलीच, पण ह्यांनी कधी न पाहिलेली. तिथलं पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून येतं, तळाचा खडा न खडा दिसतो. अशा नदीवर एकट्याने गेलं तर दिवसभर मासे आपल्याला बघतात, आपण त्यांना नाही, असं हे म्हणाले होते ते मला आठवलं.

मी कळवलं की हे आता नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दिवस रद्द करतो, पण तुम्हाला यावंसं वाटलं तर तो तुमचाच आहे, नुसतं काठावर बसलात तरी चालेल.

मुलगी ब्रिस्टलला असते. फोनवर म्हणाली, "आई, तू जा. बाबाचा लास्ट बुकिंग आहे. तो नदी बघून तरी ये."

"ती नदी."

"हां, ती नदी. पण जा ना."

गेले. ह्यांचा मासे पकडायचा रॉड आणि माश्यांची डबी गाडीत ठेवली, आणि सोबत थालीपिठं आणि लिंबाचं लोणचं घेतलं, कारण रिकाम्या हाताने कुठे जायची सवय नाही. गाइड साठीच्या पुढचा, उन्हाने नाकाची सालं निघालेली, बोलणं हळू. त्याने आधी मला एका लाकडी बाकावर बसवलं आणि म्हणाला, "अर्धा तास काही करायचं नाही. नुसतं बघायचं."

"मला ते चांगलं जमतं. मी आयुष्यभर लायब्ररीत काम केलं."

"मग तुम्ही माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांपेक्षा पुढे आहात."

मी बघत बसले. हिरव्या पाणवेलींना पांढरी फुलं आली होती. पहिली दहा मिनिटं मला एकही मासा दिसला नाही. मग एक सावली हलली, आणि सावलीच्या वर मासा होता. एकदा एक दिसल्यावर सात दिसले. सगळे प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला कधी मासा मिळाला नाही. सगळे सुटून जायचे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जाकिटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. बुकिंग करताना ह्यांनी भरलेला फॉर्म होता. "तुम्हाला द्यायलाच आणला होता," तो म्हणाला. "पण यात तसं लिहिलेलं नाही."

अनुभव किती, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: अठरा वर्षं, बरेच मासे, सगळे परत पाण्यात सोडले. या दिवसात काय शिकायचं आहे, यापुढे: सोडताना माशाला कमीत कमी त्रास कसा होईल ते. माझ्या बायकोच्या मते हा छळ आहे. तिचं चुकतंय अशी माझी खात्री नाही.

मी तो कागद दोनदा वाचला. गाइड पाठ फिरवून गवतात काहीतरी शोधत राहिला. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने मी ह्यांची माश्यांची डबी त्याच्या हातात दिली. त्याने एक माशी उचलून डोळ्यांजवळ नेली, मग दुसरी, मग तिसरी. गळाच्या टोकाला मागे वळलेला एक काटा असतो, तो माशाला सुटू देत नाही, असं त्याने मला समजावलं. "त्यांनी प्रत्येक गळाचा तो काटा चपटा केलाय. एकही राहिलेला नाही. कशाने केला असेल?"

मला माहीत होतं. टाके घालताना सुई धरायचा एक चिमटा ह्यांच्या ड्रॉवरमध्ये असायचा. घरी तो कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुपारी त्याने थालीपीठ खाल्लं, लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागितलं. "माझी पहिली बायको म्हणायची, तुझं लग्न नदीशी झालंय," तो म्हणाला. "दुसरी पण तेच म्हणते. पण असं जेवण दोघींपैकी एकीनेही बांधून दिलं नाही."

"मीही ह्यांना दिलं नाही कधी. सँडविच न्यायचे बिचारे," मी म्हटलं.

मग त्याने ह्यांचा रॉड माझ्या हातात दिला. माझी दोरी झाडात अडकली, गवतात अडकली, एकदा त्याच्या टोपीत अडकली. "मीही पकडून परत सोडायच्या माशांतच मोडतो," तो म्हणाला. चारच्या सुमाराला, त्याने कोपर धरून हात हलवला म्हणून, माशी जिथे पडायला हवी तिथे पडली आणि पाणी फुटलं. तो सतत सूचना देत होता, मी त्यातल्या निम्म्या ऐकल्या. मासा जाळ्यात आला. वीतभर लांब, अंगावर तांबडे ठिपके. मला आधी त्याची माफी मागावीशी वाटली.

"हात ओले करा. कोरड्या हाताने त्याची कातडी भाजते."

मी काठाशी पाण्यात उतरून केले. त्याने गळ काढला. काटा नव्हता, सहज निघाला. मग त्याने मासा माझ्या हातांत दिला, पाण्याखालीच, प्रवाहाकडे तोंड करून.

"आता सोडू?" मी विचारलं.

"नको. तो दमलाय. ढकलायचं नाही, आवळायचं नाही. नुसता आधार द्यायचा."

"किती वेळ?"

"त्याला लागेल तितका. तुम्ही काही करायचं नाही. जायचं तो ठरवेल."

पाणी थंड होतं. माझी बोटं बधिर झाली. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. कितीतरी वेळ तो माझ्या तळहातावर होता. मग नव्हता. मी हात उघडलेसुद्धा नव्हते, ते आधीपासून उघडेच होते.

सव्वातीन ते साडेपाच. डॉक्टर म्हणाले होते, दहा-पंधरा मिनिटं लागतील. ह्यांना सव्वादोन तास लागले, आणि तेवढा वेळ ह्यांचा हात माझ्या हातात होता. सही मला रोज आठवत होती. हे सव्वादोन तास मला त्या दिवसापर्यंत आठवले नव्हते.

गाइडने मला काठावर ओढून घेतलं आणि फ्लास्कमधला चहा दिला. मी का रडते आहे ते विचारलं नाही. मी त्याचे आभार मानले तेव्हा म्हणाला, "चांगला सोडलात. तुमच्या नवऱ्याला सांगायला हवं होतं."

कारमध्ये बसते तोच मुलीचा फोन. "आई! मासा मिळाली?"

"मिळाला," मी म्हटलं. "सोडला."

ह्यांचा रॉड आता दाराशी, छत्र्यांच्या शेजारी उभा असतो. फॉर्म माझ्याकडे आहे. डबीत एकतीस माश्या आहेत. पुढच्या मे महिन्यातला एक दिवस मी माझ्या नावाने ठरवला आहे.