ब्राझीलच्या सहा खुर्च्या

मी दुबईला निघालो तेव्हा अम्मी दारात रडत होती आणि अब्बा अंगणात कचेरीच्या खुर्चीची वेताची बैठक विणत होते. मान वर न करता म्हणाले, "जा. पण तिथे कोण विचारील तर सांग, हे काम येतं." मी चिडून म्हटलं, वेताला पुन्हा हात लावणार नाही. रत्नागिरीची निम्मी पोरं गल्फला जातात. खुर्च्या विणायला कोण जातं?

मी गेलो. तीन नोकऱ्या करून थकलो आणि दुबईच्या अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपने मला ठेवून घेतलं. जुनं फर्निचर दुरुस्त करणारं वर्कशॉप, आणि मला ठेवलं ते विणता येतं म्हणूनच! घरी मात्र सांगितलं, सुपरवायझर आहे. शेजारच्या शारजातल्या खोलीवरून कामावर येताना रोज ट्रॅफिकमध्ये ताटकळत ठरवायचो, उद्या खरं सांगू. त्या उद्याला नऊ वर्षं झाली.

मागच्या महिन्यात ब्राझीलच्या सहा डायनिंग चेअर आल्या. साठेक वर्षं जुन्या, काळसर लाकडाच्या, सडपातळ, बैठका फाटलेल्या. मी अब्बांसारखाच वेत भिजवून, कचकचून ताणून विणला. कोकणच्या दमट हवेत सैल विणलं तर बैठकीची झोळी होते. एरवी माझं काम बाहेरच्या शेडमध्ये चालतं; या महागाच्या म्हणून पहिल्यांदाच एसीच्या खोलीत ठेवल्या. तिथे वेत खडखडीत वाळला आणि चौथ्या दिवशी तीन बैठका तडातडा तुटल्या. फोरमन म्हणाला, "हबीबी, संडे को कस्टमर आएगा. नहीं हुआ तो तेरा काम खलास."

मग घरी फोन लावला. उपाय विचारायचा तर खरं सांगणं भाग होतं. सांगितलं. अब्बांनी आधी कामाचंच बोलून घेतलं. "ताण कमी धर. आणि एसी बंद करून हळूहळू सुकू दे." मग म्हणाले, "म्हणजे तू विणतोस."

"हो, अब्बा."

"मी मोहल्ल्यात सांगत बसलो, आमच्यात विणणारा मी शेवटचा. ईदच्या आधी हत्यारं भंगारात दिली रे."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खुर्च्या झाल्या, नोकरी वाचली. गिऱ्हाईक बाई बसून बघून "लव्हली" म्हणाल्या. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. सुट्टी मंजूर आहे, तिकिटाचं पान रोज उघडतो आणि बंद करतो. तुम्ही इथे आलेले आणि तिथे राहिलेले, सगळेच विचारता, घरी कधी जाणार? माझी थाप नऊ वर्षं ज्यांनी एकदाही उलटून तपासली नाही, ते माझं घर. तिथे आता कोणत्या तोंडाने जाऊ?