बदकाच्या पिसांची उशी

आमच्या किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले, तेव्हा आईने बाहेरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. जन्मभर डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाजार गाठता गाठता तिचे गुडघे कामातून गेले होते. खोली चालली तर पाटी सुटणार होती.

खाट होती, गादी होती. अडलं उशीवर. बाबा म्हणाले, "मागल्या दारच्या सावरीचो कापूस आसा मां, फुकटचो!" मी कणकवलीहून कृत्रिम धाग्याची, धुता येणारी उशी आणली. आईने ती दाबून पाहिली. "ह्यो पाव कोणाक वाढतलंस?"

शेजारच्या ख्रिस्ती बाई नाताळसाठी बदकं पाळत. त्यांच्या भावाने परदेशातून पिसांची उशी आणलेली, तेव्हापासून त्या दुसरं काही बोलतच नसत. "पोटाकडची मऊ पिसां घे गो, पंखाची टोचतत," असं सांगून त्यांनी पिशवीभर पिसं दिली.

"आता पावणे बदकांसारखे पाण्यात पोवाक लागतले," बाबा म्हणाले.

आईने पिसं शिकेकाईने धुतली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पेडव्यांसारखी बारीक मासळी धरायच्या जुन्या, बारीक विणीच्या जाळ्यात बांधून अंगणातल्या खळ्यात वाळत घातली. बाजूला बांगडे वाळत होतेच. वास? आमच्या घरात सुक्या मासळीच्या वासाला कोणी वास म्हणत नसे.

पहिले पाहुणे पुण्याचं जोडपं. जेवून आडवे झाले आणि गृहस्थांनी विचारलं, "खोलीत मासळी ठेवता का हो?"

"छे! ती चुलीवर टांगलेली आहे," बाबा अभिमानाने म्हणाले.

तेवढ्यात वाडीतली मांजरं खिडकीतून आत आली. किंकाळी ऐकून आम्ही धावलो, तर उशी फाटलेली आणि बाईंच्या केसांत पिसं. मी आणलेली उशी पुढे केली, पण त्यांनी बॅगाच भरल्या.

आई चुलीपुढे बसून रडली. "माजी पाटी काय सुटत नाय आता."

सकाळी पाटी बाबांनी उचलली. आमच्यात पुरुष समुद्रावर जातो, मासे बाई विकते. बाजारातल्या बायका पोट धरधरून हसल्या. त्यात बाबांना घासाघीस जमेना. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की म्हणत, "बरां, तसांच फुकट घेवन जा."

ते कळल्यावर आई भडकली. दुसऱ्या दिवसापासून पाटी बाबांच्या डोक्यावर, आणि मागून रिकाम्या हातांनी, सावकाश चालत, भाव सांगायला आई.