लेम्पीने न लिहिलेली भाषा

माझी थोरली जाऊ लेम्पी नदीवरच्या पुलाजवळ, जकात नाक्यावर एकतीस वर्षं झाडलोट करत होती. पुलापलीकडे फिनलंड, अलीकडे आम्ही, म्हणजे स्वीडन. तिथे राहून तिने माणसांबद्दल जे मत बनवलं ते कायमचं. "ज्याच्याकडे काही नसतं तो गप्प गाडीत बसून राहतो," ती म्हणायची. "विचारायच्या आधीच नाही नाही म्हणणाऱ्याच्या डिकीत लोणी सापडतं."

संशय तिच्या अंगातच होता. सख्ख्या पुतण्याकडून बटाटे घेतले तरी पोतं उलटं करून तळाचे बघणार. रेडिओवर बर्फ सांगितला की मुद्दाम फावडं आत ठेवणार, कारण त्या लोकांना आपल्याला कामाला लावण्यातच मजा वाटते. आणि माझ्यावर तर तिचा खास डोळा. मी किनाऱ्यावरच्या शहरातली, फक्त स्वीडिश बोलणारी. लग्न होऊन आले त्या दिवशी स्वयंपाकघरात सासूबाई, लेम्पी आणि तिची बहीण हिल्या खदखदून हसत होत्या. मी दारात पाय ठेवला आणि तिघी एकदम स्वीडिशमध्ये हवापाण्याबद्दल बोलायला लागल्या.

खोऱ्यात दुसरी एक भाषा आहे. फिनिशच्या नात्यातली, पण फिनिश नव्हे. तिचं नावच मुळी 'आपली भाषा' असं आहे. आता 'आपली' म्हटल्यावर त्यात मी आलेच नाही.

लेम्पीच्या बाजूनेही सांगायला हवं. ती आणि हिल्या लहानपणी दूरच्या वसतिशाळेत होत्या. तिथे आपल्या भाषेत शब्द निघाला तर जेवण होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं तर तुमची सुटका. लेम्पीचं नाव तिच्या जिवलग मैत्रिणीने सांगितलं होतं. लेम्पी तेव्हा सात वर्षांची होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ही त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

म्हातारपणी हिल्याला विसराळूपणाचा आजार झाला आणि तिची स्वीडिश सगळी पुसली गेली. उरली ती आपली भाषा. गावच्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मुली दुरून आलेल्या, प्रेमळ, पण त्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. म्हणून लेम्पी रोज दुपारी दोन वाजता थर्मासमधून कॉफी आणि कॉफीत बुडवायचं चीज घेऊन जायची आणि तासभर बहिणीशी बोलायची. हिल्या दिवसभरात बोलायची ती तेवढाच तास.

एका सकाळी लेम्पी माझ्या टेबलाशी बसून माझ्याच पावात दोष काढत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली. तोंड उघडं, डोळे माझ्यावर, उजव्या हाताची बोटं आपोआप हलतायत. मिनिटभराने ती भानावर आली आणि तिने पहिलं काय विचारलं असेल? "कॉफीत काय घातलंस?"

मोठ्या इस्पितळात एमआरआय काढला. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ होती. संथ वाढणारी, पण बोलण्याच्या जागेला अगदी बिलगलेली. डॉक्टर ओस्टेनबाई पडद्यावर चित्र दाखवत होत्या आणि लेम्पी पडद्याची काच बोटाने पुसून बघत होती, डाग काचेवरचा तर नाही ना म्हणून.

"ऑपरेशनमध्ये काही वेळ तुम्हाला जागं ठेवू," डॉक्टर म्हणाल्या. "मी मेंदूला बारीकसा विजेचा स्पर्श करीन आणि तुम्ही चित्रं बघून नावं सांगायची. जिथे शब्द अडला, ती जागा मी कापणार नाही. घाबरू नका, मेंदूला स्वतःला दुखत नाही."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" लेम्पीने विचारलं. "मेंदूने?"

मग एक फॉर्म आला. त्यात प्रश्न होता: घरी कोणकोणत्या भाषा बोलता? लेम्पीने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'स्वीडिश.' आणि खाली रेघ मारली. खोऱ्यातली तिच्या वयाची कुठलीही बाई हेच लिहिते. कागदावर विचारणाऱ्याला आपली भाषा सांगायची नाही, हे त्यांना लिहायला येण्याआधी येतं.

मी बाजूला बसून ते बघत होते. दोन दिवस मूग गिळून बसले. पण डोळ्यांपुढे हिल्या येत राहिली, खिडकीकडे बघत बसलेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठलं आणि सांगून टाकलं, की त्यांना आणखी एक भाषा येते, तीच त्यांची खरी भाषा आहे.

डॉक्टर खुर्चीत ताठ झाल्या. "बरं झालं सांगितलंत. दोन भाषांच्या जागा मेंदूत थोड्या वेगवेगळ्या असू शकतात. मी जी विचारीन तीच मला सांभाळता येते. जी विचारलीच नाही, ती नकळत कापली गेली असती."

लेम्पीला हे कळलं तेव्हा ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "शेवटी चुगली केलीसच," ती भिंतीला म्हणाली. "एकेचाळीस वर्षं वाट बघत होते मी, कधी करतेस त्याची."

मला रडू आलं आणि रागही आला. पण चुगली ती चुगलीच.

त्यांनी फोनवर दुभाष्या बसवला, दक्षिण फिनलंडचा. बोलण्याचे व्यायाम घेणारी तुवा नावाची तरुण मुलगी चित्रं दाखवायला लागली. पहिलंच चित्र मोटारीचं. लेम्पी म्हणाली, "पीली," खोऱ्यात सगळे म्हणतात तसं. फोनमधून आवाज आला, "चूक. मोटारीला आउतो म्हणतात." तिसऱ्या चित्रापर्यंत त्याने तिला दोनदा नापास केलं. लेम्पीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघा. अजून भिंतीकडे तोंड करायला सांगतायत."

दुभाष्याला निरोप दिला. तुवा म्हणाली, आपण तुमचेच शब्द टिपून घेऊ, मला कळले नाहीत तरी चालतील. आता खोलीत आपल्या भाषेतलं कुणाला काही कळत नाही असं बघून लेम्पीची जीभ सुटली. डुकराचं चित्र आलं. ती गंभीरपणे म्हणाली, "हा मघाचा, फोनवरचा." घुबड आलं. "ही मोठी डॉक्टरीण." मग आला खराटा. "ही माझी धाकटी जाऊ. वर केस, खाली काड्या."

आणि मी हसले. आवरायच्या आत फस्सकन हसू फुटलं.

लेम्पीने हळूच मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी आपल्या भाषेत बोलली. "किती कळतं?"

"सगळं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या हिवाळ्यापासून."

ती हिशोब करत राहिली असावी, एकेचाळीस वर्षांत माझ्यासमोर काय काय बोलली त्याचा. "म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला मी तुझ्या केकबद्दल..."

"हो, जाऊबाई."

"आणि तरी पुढच्या वर्षी केक आणलास?"

"तोच आणला. मुद्दाम."

तिचा ओठ जरासा हलला. पण तुवाकडे वळून ती स्वीडिशमध्ये म्हणाली, "ऑपरेशनला हिलाच आत घ्या. चोरून ऐकणारी आहे, कान तयार आहेत हिचे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी चित्रं एकदा म्हणून पाहिली, मग डॉक्टरांनी तिला अवघड प्रश्न विचारला. गाठ जास्तीत जास्त काढायची तर एखादी जागा धोक्यात येईल, कुठे थांबू? लेम्पीने वेळ घेतला नाही. "स्वीडिश हवी तेवढी घ्या. ती तुमचीच आहे. दुसरीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हिरवे कपडे, टोपी, मास्क घालून तिच्या तोंडाजवळ स्टुलावर बसवलं. मधे निळा पडदा. त्याच्या पलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. झोपेतून जागं केल्यावर लेम्पीने डोळे उघडून आधी माझा मास्क नीट पाहिला. "तूच आहेस ना?"

"मीच."

"टोपी शोभत नाही."

कामाला सुरुवात झाली. तुवा चित्र दाखवायची, लेम्पी आधी स्वीडिशमध्ये सांगायची, मग आपल्या भाषेत, आणि मी पडद्याकडे बघून 'बरोबर' म्हणायची. घर, बरोबर. मासा, बरोबर. वीस-बावीस चित्रं झाली. मग आली किल्ली. स्वीडिश शब्द ठीक आला. मग लेम्पी म्हणाली, "तुत्ती."

असा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"बरोबर?" पडद्यामागून डॉक्टरांनी विचारलं.

वीज लागून शब्द बिघडला असेल तर ती जागा सोडायला हवी. बिघडला नसेल आणि मी चूक म्हटलं, तर गाठ उगाच आत राहील. आदल्या दिवशी याच चित्राला ती दुसराच शब्द बोलली होती, सगळे बोलतात तो. मला सगळं कळतं अशी फुशारकी मी मारली होती, आणि आता नेमकं कळत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "थांबा. वीज काढून परत विचारा."

वीज काढली. किल्ली परत आली. लेम्पी म्हणाली, "तुत्ती."

मी वाकून आपल्या भाषेत विचारलं, "जाऊबाई, तुत्ती म्हणजे काय?"

"किल्ली," ती जड जिभेने म्हणाली. "हिल्या आणि मी म्हणायचो. शाळेत. बाईंना कळू नये म्हणून."

"मग काल दुसरं का सांगितलंत?"

"काल तू ऐकत होतीस."

"आजही ऐकतेय."

"आज लपवायला सुचत नाहीये."

"बरोबर आहे," मी मोठ्याने म्हणाले. "शब्द बरोबर आहे. कापा."

त्यानंतर थोड्या वेळाने चित्र आलं लहान मुलाचं. स्वीडिश शब्द आला. मग तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. 'क्लापी' हा शब्द, दिवसातून पन्नासदा येणारा. तिचे डोळे माझ्यावर खिळले, आणि मी त्यांच्यात कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. ती घाबरली होती. वीज काढली, शब्द आला. परत लावली, गेला. तिसऱ्यांदाही तेच.

"इथे नाही," मी म्हणाले. "इथे अडतंय."

"स्वीडिश इथे ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या, अर्धं स्वतःशीच. "एकच भाषा तपासली असती तर हे काढलं असतं मी." मग मला म्हणाल्या, "इथे गाठीचा थोडा भाग राहील."

"राहू दे," पडद्याखालून लेम्पी म्हणाली, स्वीडिशमध्ये.

तेवढा भाग आजही आत आहे. दर तीन महिन्यांनी एमआरआय होतो आणि दर वेळी ती यंत्र चालवणाऱ्याला विचारते, मागच्या वेळी दुसऱ्याच कुणाचा फोटो दाखवला नव्हता ना. ऑपरेशननंतर सूज होती तोवर तिची स्वीडिश तुटक होती. शब्द शोधताना ती टेबलावर बोटं आपटायची. तुवा आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर व्यायाम घ्यायची आणि लेम्पी संपल्या संपल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायची. आपली भाषा मात्र हळू, पण अख्खी आली. म्हणून ती माझ्याशी त्याच भाषेत बोलायला लागली. प्रेमाने नव्हे, दुसरा इलाज नव्हता.

सोळा दिवसांनी आम्ही दोघी वृद्धाश्रमात गेलो. तिथली मुलगी दारातच म्हणाली, हिल्याआजी या दोन आठवड्यांत एक शब्द बोलल्या नाहीत. हिल्या खिडकीपाशी होती. लेम्पीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू, एकेक शब्द उचलून, म्हणाली, "आले गं. डोक्याचं काम होतं."

हिल्याचा चेहरा उजळला. खूप वेळ तिने बहिणीच्या डोक्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग मला पाहिलं आणि सवयीने आवाज खाली आणला. "ही कोण?"

"धाकटी जाऊ माझी. जपून बोल. हिला सगळं कळतं."

हिल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. याआधी लेम्पीला सर्दीताप असला की मीच थर्मास घेऊन यायची, तासभर हिच्यासमोर बसायची आणि कॉफी ओतून देऊन परत जायची. तोंड उघडलं तर इतक्या वर्षांचं बिंग फुटेल, ही भीती. हिल्याला काय आठवत होतं देव जाणे, पण तिने विचारलं, "कळतं, तर माझ्याशी बोलली का नाहीस?"

मी त्यांच्याच भाषेत म्हणाले, "तुम्हाला वाटलं असतं, मी चोरून ऐकत होते."

"ऐकतच होतीस," लेम्पी म्हणाली. "आणि ही इथे मुकी बसली होती."