दाराबाहेरचं खाकरणं

माझ्या नवऱ्याला त्याच्या वडिलांच्या खाकरण्याची किळस येते, म्हणून त्याने बाहेरचा आवाज बंद करणारे इअरबड्स घेतले. घेतले त्या संध्याकाळी जेवताना इअरबड्सचं कौतुक ऐकवत बसला. मिक्सर, कुकरची शिट्टी, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. चार्जिंग दिवसभर पुरतं, घामाने बिघडत नाहीत. आणि कधी बाहेरचं ऐकायचंच असेल तर दोनदा टिचकी मारायची, कानातून काढायचीही गरज नाही. हे सांगताना कानातला मळ लागलेली ती रबरी टोकं त्याने भाकरीशेजारी ठेवली होती. मी माझं ताट मागे ओढलं. आणि ह्याला किळस बापाची.

सासऱ्यांना आम्ही आण्णा म्हणतो. साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती उचलली. त्यांचं खाकरणं काही कफाचं नाही. लेकासुनेच्या खोलीशी आले की बाहेर थांबून खाकरायचं, आतून 'या' म्हटलं की मगच दार लोटायचं, ही त्यांची रीत. कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्येही ती सुटली नाही. त्यात नवऱ्याने बजावून ठेवलेलं, "मीटिंग चालू असताना हाक मारायची नाही. सगळ्यांना ऐकू जातं."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गावाहून आण्णांना फोन आला. धाकटा भाऊ गेला होता. तुम्ही या, तोंड बघा, तोवर थांबतो, असं भावकीने सांगितलं. आण्णांचे गुडघे गेलेत, एकट्याने एसटी होत नाही. गाडी नवऱ्याची आणि नवरा घरूनच काम करत बंद दाराआड. आण्णा दाराशी जाऊन खाकरले. मग पुन्हा खाकरले. गावाहून फोन येत राहिले आणि आण्णा सांगत राहिले, "पोरगा मीटिंगात हाय, निघतोच."

मी तुर्भ्याच्या कंपनीत पॅकिंगला असते. फोन गेटवर जमा होतो. शिफ्ट सुटून दुपारी घरी आले तर आण्णा खुर्ची ओढून आमच्या दाराबाहेर बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, पायाशी पिशवी.

काय झालं ते कळलं तशी मी धाडकन दार उघडलं. मीटिंग केव्हाच संपली होती. नवरा गादीवर लोळत नव्या इअरबड्सची तुलना करणारा व्हिडिओ बघत होता. आधी मला हाताने 'थांब' म्हणाला. मग एक कान मोकळा केला आणि ऐकल्यावर बापावरच खेकसला, "मग मला आवाज नाही का द्यायचा?"

"दिला की रं," आण्णा म्हणाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा चितेचा नुसता विस्तव उरला होता. त्यांनी तरी किती थांबायचं? उशीर का झाला म्हणून भावकीने विचारलं, तर आण्णांनी सांगितलं, गाडी बंद पडली वाटेत. नवरा शेजारी उभा होता. त्याने मान डोलावली. लाज नावाची चीज नाही ह्या माणसाला. त्या क्षणी मला त्याच्या शेजारी उभं राहायचीही शिसारी आली.

तेव्हापासून आण्णा आमच्या दाराकडे फिरकत नाहीत. काही हवं असलं तर मी येईपर्यंत हॉलमध्ये बसून राहतात.

परवा जेवताना नवरा म्हणाला, "आण्णांचा कफ बरा झाला गं. हल्ली खाकरण्याचा आवाजच येत नाही."

कानात तेव्हा काही घातलेलं नव्हतं त्याने.