खोली नंबर सोळाचे न्यायमूर्ती

अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या लेबर कॅम्पच्या आमच्या खोलीत आठ माणसं होती, सगळी सिंधुदुर्गातली, आणि एक सर्वोच्च न्यायालय होतं. सर्वोच्च अशासाठी, की त्याच्यावर अपील नव्हतं. खोलीबाहेर आमचं कोणी ऐकूनच घेत नसे. खोलीत जो सर्वांत जुना, तो न्यायमूर्ती. त्याला एसीसमोरची खालची खाट, बाथरूमचा पहिला नंबर आणि भांडी माफ. एवढं मिळत असल्यावर न्यायदानाची हौस कोणाला नसते?

पहिले न्यायमूर्ती पाइप फिटर होते. त्यांच्या काळात गाजलेला खटला म्हणजे फ्रिजमधलं सुरमईचं कालवण कोणी खाल्लं. त्यांनी आम्हा सातही जणांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचे हात हुंगले. कोणाच्याच हाताला वास नव्हता. हुंगायचे राहिले ते फक्त न्यायमूर्तींचे हात, पण ते हुंगायला पुढे कोण होणार? पुढे कंपनीने त्यांना रुवैसच्या साइटवर पाठवलं. आम्ही हार घातला. बस सुटायच्या आत दुसऱ्या न्यायमूर्तींनी खालच्या खाटेवर आपली चादर पसरली होती.

हे दुसरे प्रत्येक तक्रारीला ‘इन्शाल्ला, पुढच्या रविवारी’ म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत एकही निकाल चुकला नाही, कारण निकाल लागलाच नाही. लोक कंटाळून आपापसात मिटवत. आता वाटतं, आमच्या इतिहासात बरा म्हणावा असा न्यायाधीश तो एकच. तेही व्हिसा कॅन्सल करून गावी गेले आणि गादीवर मी आलो.

मी बारावी नापास वेल्डर, पण मला शिस्तीचं वेड. मी निकालांची वही सुरू केली. जुने निकाल आठवून आठवून तिच्यात लिहिले आणि प्रत्येक भांडणात त्यांवर बोट ठेवून वाचू लागलो. हातात वही आली की माणसाचा आवाज बदलतो. माझी तर चालसुद्धा बदलली.

गादीवर आल्याच्या दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीचा खटला उभा राहिला. आमचा मल्याळी फोरमन गणपतीला खोलीतून एकालाच सोडी. तो दारातूनच म्हणाला, “तुम लोग आपस में डिसाइड करो. एक नाम दो, खलास.”

नावं दोन आली. एक माझं. दुसरं माझ्या वरच्या खाटेवरच्या फॅब्रिकेटरचं. तो तीन वर्षं घरी गेला नव्हता. एरवीची रजा कामाच्या घाईत अडकायची आणि गणपतीला नाव जुन्या माणसाचंच जायचं. तो निघाला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. मी मात्र आदल्याच वर्षी जाऊन आलो होतो.

“भाऊ, ह्या टायमाक माका जाऊक व्हया,” तो म्हणाला. “चेडू रोज इचारता.”

मी वही उघडली. जो जुना त्याचा हक्क पहिला, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. आदल्या वर्षी कोण गेलं होतं याबद्दल काही नव्हतं, कारण वही लिहिणारा मीच. मी घसा खाकरून माझ्या बाजूने निकाल दिला. लाज वाटायला हवी होती; मला ऐट वाटली.

तो भांडला नाही. त्याचं गाव माझ्या गावाला लागूनच, म्हणून मुलीसाठी फ्रॉक आणि चॉकलेटचा डबा त्याने माझ्याकडे दिला. बॅगेचं वजन जास्त होणार नाही ना, असंही विचारलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी रिक्षाने त्याच्या घरी गेलो. मुलगी अंगणात उभी होती. अबुधाबीहून कोणीतरी येणार एवढंच तिला कळलं होतं. मी फ्रॉक पुढे केला तर तिने तो घेतला नाही. ती माझ्या मागे रिक्षाकडे बघत राहिली. रिक्षा वळून निघून गेली तरी बघत होती.

तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा आवाज अगदी साधा होता.

“बाबा नाय इले गो. हे बाबांचे जज्ज. जा, त्यांका पाणी हाड.”