थंडीचं पित्त

जाफराबादच्या स्टँडवर जालन्याची बस लागली. बाबा जागा धरायला आत घुसले आणि आईनं माझ्या पिशवीत आमसुलांची पुडी कोंबली. "तुझं अंग पित्ताचं. उठलं की पाण्यात कोळून लाव, जल्दी बसतं." मी हसले होते. जर्मनीला निघालेल्या इंजिनिअर पोरीला आई आमसुलं देत होती.

ड्रेस्डेनमधला पहिला हिवाळा आला आणि ती पुडी खरंच उघडावी लागली. सायकलवरून ऑफिसला पोचले की गालांवर आणि मनगटांवर लाल गांध्या उठायच्या, खाजून जीव नकोसा व्हायचा. थोड्या वेळानं सगळं गायब. मला वाटलं, इथलं खाणं सोसत नाही. मी चीज सोडलं, मग अंडी, मग कँटीनमधला ब्रेडसुद्धा. व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "काय उलटंसुलटं खाऊन राह्यलीस?" आमसुलाचं पाणी लावलं की गांध्या बसायच्या, पण काहीच न लावताही बसतात, हे हळूहळू लक्षात आलं. मेडिकलमधल्या अ‍ॅलर्जीच्या गोळीनं खाज थांबायची. हे उठतं कशानं, तेवढं मात्र कळत नव्हतं.

उन्हाळ्यात त्रास बंद झाला. ऑफिसातली माझी मैत्रीण मार्टा मला शहराबाहेरच्या तळ्यावर घेऊन गेली. बाबांनी लहानपणी पाठीला डबा बांधून मला विहिरीत पोहायला शिकवलेलं, त्यामुळे मार्टाच्या आधी मीच उडी मारली. पाणी चांगलंच गार होतं. थोडं पोहून वळले तर अंगाची आग आग, डोळ्यांपुढं अंधारी. मार्टानं दंडाला धरून काठावर ओढलं. पोट, पाठ, मांड्या सगळं सुजलेलं, ओठ जाड झालेले, आवाज फुटेना. तिनं मला टॉवेलात गुंडाळलं, अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्सवाल्यांनी मांडीत इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला.

पुढं तपासणीला गेले, तर डॉक्टरबाईंनी खाण्याचं विचारलंच नाही. पिशवीत बर्फाचा तुकडा घेऊन माझ्या हातावर ठेवला आणि काही मिनिटांनी उचलला. आम्ही दोघी बघत बसलो. आधी कातडी नुसती लाल झाली. मग तुकड्याच्याच आकाराची चौकोनी गांधी टरारून वर आली. घाबरायला हवं होतं, पण मला तर ती बघतच राहावंसं वाटलं. इतक्या महिन्यांचं कोडं हातावर उमटलं होतं! अ‍ॅलर्जी थंडीची होती. रोज गोळी, गार पाण्यात उतरायचं नाही, बर्फाचं काही घ्यायचं नाही. श्वास अडकलाच तर मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन कायम जवळ, आणि टोचलं की लगेच अँब्युलन्स. मार्टाही माझ्यासोबत ते टोचायला शिकली.

आईला सांगितलं. "थंडीची? मंग तिथं जाऊनच लागली म्हण." मग तिलाच आठवलं. "न्हाई गं. दिवाळीच्या सुट्टीत विहिरीवरून आलीस की तुझी पाठ गांध्यांनी भरायची. उन्हाळ्यात कवाच न्हाई. आम्हाला वाटायचं, शेंगदाणे लई खाल्ले."

मी थक्क झाले. वर्षभर मी परक्या मुलखाला दोष देत होते, आणि ही खोड मी जाफराबादहूनच सोबत आणली होती. लहानपणी शेंगदाणे मात्र उगाच बंद झाले होते.

"तिकडची थंडी सोडून ये," असं आई म्हणेल, याची मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही. या मे महिन्यात गावी गेले, तेव्हा सरावाचं बिनसुईचं पेन नेलं. ते बघून आई मागं सरकली. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." बाबांनी करून बघितलं, ती लांबून बघत राहिली. दुपारी भांडी आवरल्यावर तिनं पदराला हात पुसले, पेन मागून घेतलं आणि माझ्या मांडीवर दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"बराबर लागलं का?"

"बिलकुल बराबर."

"अजून एकदा करू दे."

गावातली माणसं विचारतात, तिकडची माणसंही विचारतात, तुझं घर कोणतं? मला एक नाव घेता येत नाही. माझा श्वास अडकला तर काय करायचं, हे मार्टाला येतं. आता आईलाही येतं. या दोघींपैकी कुणाच्याही घरी मी निवांत झोपते.